कल्हई आणि काच : बहुवारिकांच्या विद्युत्-साधनांचे हवेपासून रक्षण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांचे निमंत्रण हाती आले, तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. सभेत बोलण्याचा मला सराव नाही. माझी उमेदीची वर्षे एका बंद पेटीपुढे उभे राहून, तिच्या पारदर्शक भिंतीत बसविलेल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून काम करण्यात गेली. त्या पेटीत हवा नसे; केवळ नायट्रोजन वायू असे. आपण सर्व ज्या हवेत श्वास घेतो ती हवा मी हाताळीत असलेल्या पदार्थांना सोसत नसे. असा मनुष्य सभेपुढे काय बोलणार? परंतु मंडळाच्या शिक्षणनिधीच्या साहाय्यावर माझे महाविद्यालयीन शिक्षण झाले आहे, आणि जिचे आपण देणे लागतो त्या संस्थेने हाक मारली असता 'मला बोलता येत नाही' ही सबब चालत नाही. म्हणून आपल्यापुढे उभा राहिलो आहे.

विषय माझ्या कामाचाच घेतला आहे. नाव ऐकून कोणी बिचकू नये. आपल्या ज्ञातीचा परंपरागत व्यवसाय तांब्यापितळेच्या भांड्यांचा. उघड्यावर राहिलेले तांबे काळवंडते, ओलीत राहिले तर त्यावर हिरवट जंग चढतो, आणि कल्हई उडालेल्या पातेल्यातले ताक कळकते, हे आपल्या घरांतील लहान मुलांनासुद्धा सांगावे लागत नसे. हवा आणि पाणी वस्तूचे काय करतात व त्यांच्यापासून ती कशी राखावी, हा प्रश्न आपल्याला नवीन नाही. मी ज्यासंबंधी बोलणार आहे त्या वस्तू मात्र नवीन आहेत.

एकाच जातीचे लहान रेणू साखळीतील कड्यांप्रमाणे एकापुढे एक जोडले जाऊन जो दीर्घ रेणू तयार होतो, त्याला शास्त्रीय परिभाषेत बहुवारिक असे नाव आहे. कापूस, रेशीम, रबर ही निसर्गाने घडविलेली बहुवारिके. नायलॉन, पॉलिथिलीन ही मनुष्याने घडविलेली. या सर्वांचा एक गुण आपणांस परिचित आहे. त्यांतून वीज वाहत नाही. म्हणूनच तर तांब्याच्या तारेवर आपण प्लॅस्टिकचे वेष्टण घालतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का १९७७ साली बसला. जपानचे हिदेकी शिराकावा आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अॅलन मॅक्डायर्मिड व अॅलन हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन नावाच्या बहुवारिकाच्या चकचकीत पापुद्र्यास आयोडिनाची वाफ दिली, तेव्हा त्याची विद्युत्-संवाहकता सुमारे एक कोटी पटीने वाढली. या कार्याबद्दल या तिघांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

यानंतर १९९० साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात जेरेमी बरोज, डोनल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड, अँड्र्यू होम्स आणि त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या एका बहुवारिकाचा पातळ थर दोन विद्युत् अग्रांमध्ये ठेवून त्यातून वीज सोडली, आणि तो थर पिवळसर हिरव्या प्रकाशाने उजळला. प्लॅस्टिकचा दिवा लागला! १९९२ ते १९९५ या काळात याच जातीच्या पदार्थांनी उलट कामही करून दाखविले : सूर्यप्रकाश पडला असता त्यांतून वीज मिळू लागली. या पदार्थांची थोरवी अशी, की ते विद्रावकात विरघळवून शाईसारखे करता येतात आणि वर्तमानपत्र छापावे तसे लवचिक पट्टीवर छापता येतात. सिलिकनाचे सौर घट करावयाचे तर सिलिकन १४०० अंशांच्या वर वितळवावे लागते. बहुवारिकाच्या शाईला छापखान्याची उष्णता पुरते. जेथे वीज पोहोचली नाही अशा वस्तीवर गुंडाळी करून न्यावा, उलगडून छपरावर पसरावा, असा हलका सौर पत्रा या मार्गाने होऊ शकेल, ही आमची आशा होती. आजही आहे.

या आशेच्या वाटेत उभी आहे ती हवा.

हवेचा सुमारे २१ टक्के भाग प्राणवायू आहे. त्याशिवाय तिच्यात पाण्याची वाफ असते, आणि ती किती असते याची आपणांस सहसा कल्पना नसते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी कोकणातील एक खोली घ्या. पावसाळ्याचा दिवस, तापमान ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के. त्या खोलीतील हवेत सुमारे पाऊण लिटर पाणी अदृश्य रूपाने तरंगत असते. आपल्याला ते केवळ उकाड्याच्या रूपाने जाणवते. बहुवारिकाच्या साधनाला मात्र त्याच्यापासून जिवाची भीती असते.

ती कशी हे सांगणे क्रमप्राप्त आहे. या साधनातील मुख्य थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या डोक्यावरील केसाच्या जाडीच्या सातशे-आठशेव्या भागाएवढा असतो. त्यात इलेक्ट्रॉन सुलभपणे शिरावेत म्हणून ऋणाग्रासाठी असा धातू घ्यावा लागतो, की जो आपले इलेक्ट्रॉन सहज सोडून देतो. असा धातू म्हणजे कॅल्शियम किंवा त्याचे भाईबंद. पण जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो प्राणवायूला आणि पाण्यालाही ते तितक्याच सहज देऊन टाकतो. कॅल्शियमास पाणी मिळाले की त्याचा विझविलेला चुना होतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. चुन्यातून वीज वाहत नाही. म्हणून तेवढ्या जागी दिवा विझतो व प्रकाशाच्या क्षेत्रात एक काळा ठिपका उमटतो. धातूच्या थरात कोठे धुळीच्या कणामुळे सूक्ष्म छिद्र राहिले असेल, तर ओल त्यातून शिरते आणि ठिपका त्या छिद्राभोवती वर्तुळाकार वाढत जातो.

दुसरा घाला पडतो तो प्रत्यक्ष बहुवारिकावर. या रेणूंच्या साखळीत एकाआड एक असे दुहेरी बंध असतात. इलेक्ट्रॉनांचे दळणवळण त्यांच्याच योगाने चालते. रेणूवर प्रकाश पडला म्हणजे तो उद्दीपित होतो, आणि त्या अवस्थेत जवळ प्राणवायू असेल तर आपली ऊर्जा त्यास देऊन त्याला अधिक आक्रमक बनवितो. असा चेतलेला प्राणवायू दुहेरी बंधावर तुटून पडतो. साखळी खंडित होते आणि तुटलेल्या टोकाला प्राणवायूचा अणू चिकटून बसतो. असे एखादे टोक आसपासच्या अनेक कड्यांचा प्रकाश गिळून टाकण्यास पुरेसे होते. एकाच बहुवारिकाच्या दोन रंगीत पट्ट्या घेऊन एक नायट्रोजनात व एक हवेत, अशा उन्हात ठेवल्या, तर पहिलीचा रंग टिकतो व दुसरीचा विटून जातो. ज्याने हे पाहिले आहे त्याला मग हवेविषयी व्याख्यान द्यावे लागत नाही.

येथे एक मोठा पेच आहे, तो विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा. प्रकाश आणि हवा यांचा संयोग घातक आहे म्हणून ही वस्तू अंधारात ठेवावी, तर ती निरुपयोगी होते. दिव्यातून प्रकाश बाहेर यावयास हवा; सौर घटात तो आत जावयास हवा. तेव्हा आच्छादन असे पाहिजे की त्यातून प्रकाश जावा आणि हवा जाऊ नये. त्यातच वस्तू गुंडाळता यावी अशी अपेक्षा असेल, तर ते आच्छादन वाकलेही पाहिजे. या तिन्ही अटी एकत्र पाळावयाच्या, हेच आमच्या कामातील अवघड गणित.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. १९७७ साली आयोडिनाच्या वाफेने पॉलिअॅसिटिलीनमधील काही इलेक्ट्रॉन काढून घेतले, म्हणून त्यातून वीज वाहिली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे ऑक्सिडीभवनच होय. पण तेच पॉलिअॅसिटिलीन हवेत ठेवले असता प्राणवायूही त्याचे ऑक्सिडीभवन करतो, आणि त्यात ते काही काळाने ठिसूळ व निकामी होते. जी क्रिया मापाने केली असता गुण देते, तीच बेहिशेबी चालली असता नाश करते. ज्या पदार्थाने हे शास्त्र जन्मास आले, तो पदार्थ स्वतः हवेपुढे टिकला नाही, म्हणून बाजारात स्थिरावला नाही.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. आपली परवानगी आहे असे मी गृहीत धरतो. कारण या कामातील मर्म मला पुस्तकाने शिकविले नाही.

२००३ साली मी परदेशातील एका प्रयोगशाळेत होतो. एका नव्या बहुवारिकाचे छोटे दिवे करून त्यांचे आयुष्य मोजण्याचे काम माझ्याकडे होते. दोन काचांमध्ये दिवा ठेवावयाचा, काचांच्या कडेने एपॉक्सीचा चिकट पदार्थ फिरवावयाचा, आणि तो जंबुपार किरणांखाली घट्ट करावयाचा, अशी रीत होती. आत ओल शोषणारा पदार्थही ठेवावयाचा असे. आठ महिन्यांच्या मोजणीनंतर हे बहुवारिक अल्पायुषी आहे असा निष्कर्ष मी काढला, तसा निबंध लिहून मार्गदर्शकांच्या हाती दिला, आणि श्रावणात रजेवर घरी आलो. येताना त्याच पद्धतीने बंद केलेला एक दिवा बरोबर आणला. नखाएवढा त्याचा उजेड. चार-पाच व्होल्टच्या विद्युत् घटावर लागे. कासारआळीतील आमच्या ओटीवर पहिल्या रात्री तो पाहण्यास सारी आळी लोटली.

तिसऱ्या दिवशी दिव्याची एक कड काळी पडू लागली. आठव्या दिवशी निम्मा दिवा विझला. मी घरच्यांना सांगितले की हे बहुवारिकच दुबळे आहे, त्याचा स्वभावच असा. तीर्थरूप आमचे चौथी शिकलेले. हयात भांडी ठोकण्यात आणि डाख देण्यात गेलेली. त्यांनी तो दिवा हातात घेतला, चष्मा लावून उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "हे आतून बिघडलेलं नाही. बघ, काळं कडेकडून आत सरकलंय. पत्र्यातून कधी पाणी गळतं का? गळतं ते सांध्यातून. तुझा डाख कच्चा आहे."

मी त्यांना उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. काचेतून पाण्याची वाफ जात नाही हे मला ठाऊक होते. काळोख मध्यभागी ठिपक्यांनी न येता कडेने पसरला होता, हेही माझ्या डोळ्यांपुढे होते. मी ते आठ महिने पाहत होतो, आणि तरी पाहिले नव्हते. चिकट पदार्थाच्या ज्या बाटलीतून मी काम केले होते तिची मुदत उलटलेली होती. काम आटपण्याच्या घाईत कडेची रुंदी मी निम्मी ठेवली होती, आणि ओल शोषणारा पदार्थ घालण्याचाही कंटाळा केला होता. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, सर्वस्वी माझा होता. त्याच रात्री आळीच्या टोकाला असलेल्या दुकानातून मी मार्गदर्शकांना दूरध्वनी करून निबंध थांबविण्याची विनंती केली. ते रागावले नाहीत, पण बराच वेळ काही बोललेही नाहीत. परत गेल्यावर सर्व दिवे नव्याने बंद करून पुन्हा आठ महिने मोजणी केली. ज्या पदार्थाला मी दुबळा ठरविले होते तो निर्दोष निघाला. निबंध छापला गेला असता, तर एका चांगल्या पदार्थावर माझ्या नावाने कायमचा डाग लागला असता, आणि पुढील कित्येकांनी त्या वाटेने जाण्याचे टाळले असते.

असो. आता रक्षणाच्या उपायांकडे वळू. ते तीन प्रकारचे आहेत.

पहिला उपाय डबीचा. साधन काचेवर तयार करावयाचे, वर काचेचे किंवा धातूचे झाकण ठेवावयाचे व कड सांधावयाची. हे सर्व प्राणवायू व ओल दहा लक्ष भागांत एका भागाहूनही कमी असलेल्या वायूच्या पेटीत करावे लागते. काच ओल अडविते. चिकट पदार्थाची कड मात्र तिला पूर्णपणे अडवीत नाही, केवळ विलंब लावते. या विलंबाचा एक उपयुक्त नियम आहे : कडेची रुंदी दुप्पट केली असता ओल पलीकडे पोहोचण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. घाईने रुंदी निम्मी करणाऱ्यास हा नियम उलट बाजूने शिकावा लागतो. एवढे करूनही जी ओल आत येईल तिच्यासाठी डबीत कॅल्शियम ऑक्साइड ठेवतात. हे नाव मोठे आहे. आपल्या भाषेत त्याला चुनकळी म्हणतात. पाणी दिसताच ते पिऊन टाकण्याचा तिचा स्वभाव येथे उपयोगी पडतो.

ही डबी भरवशाची आहे, पण जड आहे आणि वाकत नाही. प्लॅस्टिकच्या हलकेपणासाठी सारा खटाटोप करावयाचा आणि शेवटी त्याला दोन काचांमध्ये कोंडावयाचे, यात मूळ हेतूच हरवतो. म्हणून दुसरा उपाय लवचिक आच्छादनाचा. आच्छादन किती चांगले हवे? खाद्यपदार्थांच्या वेष्टनातील एखाद्या बऱ्या प्लॅस्टिकमधून एका चौरस मीटरमागे दिवसाला एक ग्रॅम पाणी पलीकडे जाते असे धरू. बिस्किटांना हे चालेल. पण १०० नॅनोमीटर जाडीच्या कॅल्शियमाचा संपूर्ण चुना होण्यास चौरस मीटरमागे सुमारे ०.१४ ग्रॅम पाणी पुरते. म्हणजे अशा वेष्टनात तो धातू साडेतीन तासही टिकणार नाही. प्रकाश देणाऱ्या साधनांसाठी जे प्रमाण सर्वत्र मानले जाते ते चौरस मीटरमागे दिवसाला एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. याचा अर्थ असा, की एक चौरस मीटर आच्छादनातून एक ग्रॅम पाणी जाण्यास दहा लक्ष दिवस, म्हणजे सुमारे २७०० वर्षे लागली पाहिजेत!

इतकी सूक्ष्म गळती मोजावयाची कशी? त्यासाठी शत्रूलाच साक्षीदार केले आहे. आच्छादनाखाली कॅल्शियमाचा आरशासारखा पातळ थर ठेवतात. ओल आत आली की त्या जागी चुना होतो, आणि आरसा पारदर्शक होऊ लागतो. आरसा किती दिवसांत किती विरला यावरून गळतीचे प्रमाण काढतात. शिवाय गळती सर्वत्र सारखी आहे, छिद्रांतून आहे, की कडेने आहे, हेही उघड दिसते. तीर्थरूपांनी चष्मा लावून जी परीक्षा केली, तिचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ती होय.

नुसत्या प्लॅस्टिकच्या अंगी हे सामर्थ्य नाही. ते अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या द्रव्याच्या अंगी आहे. अॅल्युमिनियमचे भांडे हवेत गंजून का जात नाही? त्याच्या पृष्ठभागावर याच ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म थर आपोआप चढतो व तोच पुढील हवेला अडवितो. अॅल्युमिनियम स्वतःची कल्हई स्वतःच करते म्हणा ना! बहुवारिकाला ही देणगी नाही. त्याच्यावर हा थर आपण चढवावा लागतो. परंतु प्लॅस्टिकवर चढविलेल्या अशा थरात सूक्ष्म छिद्रे राहतात आणि सारी गळती त्या छिद्रांतून होते. थर जाड केल्याने छिद्रे बुजत नाहीत. उलट जाड थर वाकविताना तडकतो. यावर तोड अशी निघाली, की एक थर ऑक्साइडचा, त्यावर एक बहुवारिकाचा, पुन्हा ऑक्साइडचा, अशी अनेक पुटे द्यावयाची. मधल्या मऊ थरामुळे खालच्या थराची छिद्रे वरच्या थराच्या छिद्रांसमोर येत नाहीत. आपल्या किल्ल्यांचे दरवाजे आठवा. एकातून आत शिरलेल्या शत्रूला दुसरा दरवाजा समोर सापडत नाही. त्याला वळणे घेत, तटालगत लांबचा फेरा करीत जावे लागते. पाण्याच्या रेणूची येथे तीच गत होते.

दुसरी रीत एकेक अणुथर चढविण्याची. फिनलंडमधील टुओमो सुंतोला यांनी ती १९७४ साली विकसित केली. अॅल्युमिनियमचे एक वायुरूप संयुग पेटीत सोडले की त्याचा एकच थर पृष्ठभागास चिकटतो. उरलेला वायू काढून टाकून मग पाण्याची वाफ सोडावयाची. तिच्याशी संयोग होऊन ऑक्साइड तयार होते. असा प्रत्येक फेरा थराची जाडी सुमारे एकदशांश नॅनोमीटरने वाढवितो. म्हणून वीस-पंचवीस नॅनोमीटरचा थर शेकडो फेऱ्यांचा असतो, पण त्यात छिद्रे जवळजवळ राहत नाहीत. पाण्याविरुद्धची भिंत पाण्याच्याच साहाय्याने उभारावयाची, यातील गंमत आपल्या लक्षात आली असेल. अडचणही त्यातच आहे. भिंत उभी होण्यापूर्वी ते पाणी साधनाला बाधू नये म्हणून फार जपावे लागते. शिवाय हे ऑक्साइड उष्ण आणि दमट हवेत दीर्घकाळ राहिल्यास स्वतःच हळूहळू झिजते. म्हणून त्याच्या जोडीला दुसऱ्या धातूंच्या ऑक्साइडांची पुटे देतात.

तिसरा उपाय बाहेरून कवच घालण्याचा नसून आतूनच वस्तू बळकट करण्याचा आहे. प्रथम तो नाजूक कॅल्शियम काढून टाकावा. सौर घटांची रचना खालीवर उलटवून बाहेरच्या बाजूस चांदीसारखा टिकाऊ धातू आणि आत जस्ताचे ऑक्साइड योजिले असता आयुष्य पुष्कळ वाढते. त्यानंतर प्रत्यक्ष बहुवारिकाची घडण बदलावी. रेणूची आपल्या इलेक्ट्रॉनांवरील पकड घट्ट केली, तर प्राणवायूला ते हिसकावून घेता येत नाहीत. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या बहुवारिकांत हे विशेष कठीण होते. कारण वाहत्या इलेक्ट्रॉनांना प्राणवायू व पाणी वाटेतच पकडून ठेवीत. २००९ साली नॅफ्थॅलीनच्या एका संयुगापासून घडविलेल्या बहुवारिकाने उघड्या हवेतही हे काम करून दाखविले. इलेक्ट्रॉनांची बैठकच इतकी खोल नेली होती, की तेथपर्यंत हवेचा हात पोहोचू नये.

हे तिन्ही उपाय परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत. आतील वस्तू जितकी सोशिक, तितके आच्छादन स्वस्त चालते. दूरध्वनीचे आणि दूरदर्शन संचांचे जे सेंद्रिय पडदे आज घरोघर दिसतात, ते बहुधा लहान रेणूंच्या द्रव्यांचे असतात, बहुवारिकांचे नव्हेत. पण त्यांच्या रक्षणाची विद्या हीच. २०१९ पासून बाजारात आलेले घडी घालता येणारे पडदे या पातळ, अनेकपुटी आच्छादनांवाचून शक्य झाले नसते. सौर घटांची स्थिती मात्र अजून तशी नाही. प्रयोगशाळेत त्यांची कार्यक्षमता १८ टक्क्यांच्या पुढे गेली आहे, पण आयुष्याच्या बाबतीत सिलिकनाच्या पत्र्याशी बरोबरी करावयाची आहे, ज्याची हमी २५ वर्षांची असते. टिकाऊपणाची कसोटी म्हणून ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास ठेवण्याची रीत आहे. आमच्या क्षेत्रातील कित्येक सुंदर साधने या कसोटीतून उठली नाहीत. २०११ पूर्वी तर प्रत्येक प्रयोगशाळा आयुष्य आपापल्या मापाने मोजी. त्या वर्षी अनेक देशांतील संशोधकांनी एकत्र येऊन मोजणीचे सामाईक नियम प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे एकाच्या आकड्याची दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करता येऊ लागली. २०१२ साली अमेरिकेतील कोनार्का ही या क्षेत्रातील अग्रणी कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांच्या मनात निराशा आली होती. काम मात्र थांबले नाही. आपल्या देशातही बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ओल अडविणाऱ्या पापुद्र्यांवर संशोधन झालेले आहे. ते आपल्याकडे होणे अत्यंत उचितही आहे. थंड, कोरड्या देशातील कसोटीला उतरलेली वस्तू आपल्या आषाढाला उतरेलच असे नाही, आणि ज्या छपरांना हा पत्रा हवा आहे ती छपरे बहुतांशी उष्ण आणि दमट प्रदेशांतच आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, समारोप करताना आपल्याशी दोन शब्द बोलतो. आमच्या विद्येत नवा पदार्थ शोधणाऱ्यास कीर्ती मिळते. त्याच्या कडा सांधणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. आपल्या आळीतही सुबक घागर घडविणाऱ्याचे कौतुक होई. कल्हई करणाऱ्याला दारात उभे करून पैसे देत. परंतु कल्हई कशी होते ते आठवा. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतात. तो तांब्यावर चढलेले हवेचे पुट काढून टाकतो, आणि मगच कथील धातूला धरते. भांडे आधी निर्मळ झाले नाही, तर कितीही कथील ओता, ते चिकटत नाही. नायट्रोजनाच्या पेटीपुढे उभे राहून आम्ही याहून निराळे काय करीत होतो? ही विद्या आपल्या घरची आहे. केवळ पदार्थ बदलले आहेत. तुमच्यापैकी कोणी रसायनशास्त्राकडे वळणार असेल, तर कडेच्या या कामाला कमी लेखू नये. तेथे पुष्कळ काम शिल्लक आहे आणि हात फार थोडे आहेत.

दुसरे असे, की आपला निष्कर्ष चुकला आहे असे कळले तर तो थांबविण्यास संकोच करू नये, आणि चूक दाखविणारा किती शिकलेला आहे हे पाहू नये.

२००३ सालचा तो दिवा मी टाकून दिला नाही. नंतर, नव्याने नीट बंद केलेला दुसरा दिवा घेऊन घरी आलो, तेव्हा तो पाहण्यास तीर्थरूप राहिले नव्हते. तो त्यांच्या ऐरणीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. दोन पावसाळे तेथे राहून तो पुरता उजळत होता. कड कोठेही काळवंडली नव्हती.